ठाण मांडून बसलेले जिवाणू

जिवाणुशास्त्राची पहिली शंभर वर्षे, जिवाणू प्रत्यक्षात ज्या स्थितीत क्वचितच राहतात त्या स्थितीत त्यांना न्याहाळण्यात गेली, असे म्हटले तर विधान थोडे आगाऊपणाचे वाटेल. पण ते खोटे ठरणार नाही. काचेच्या चंबूत, निर्जंतुक केलेल्या मांसरसात, एकाच जातीचे, एकेकटे तरंगणारे आणि चहूबाजूंनी अन्नाने वेढलेले जिवाणू हे प्रयोगशाळेने मांडलेले दृश्य आहे. ओढ्यातल्या दगडावर, घाटाच्या पाण्यात बुडालेल्या पायरीवर, नळाच्या आतल्या अंगास, मोरीच्या जाळीखाली आणि आपल्याच दाढांच्या सांदीत जे जिवाणू नांदतात ते बहुतांशी तरंगत नाहीत, एकेकटे राहत नाहीत, आणि सहसा एका जातीचेही नसतात. ते कशाला ना कशाला चिकटलेले असतात. स्वतःच पाझरवलेल्या बुळबुळीत द्रव्यात स्वतःला गाडून घेऊन, शेजाऱ्याच्या अंगाला अंग लावून राहतात. या थराला शास्त्रज्ञ बायोफिल्म म्हणतात, आपण त्याला जैवपटल म्हणू. आणि आठवड्याचा रांजण रिकामा करून, आत हात घालून, काथ्या आणि राख घेऊन तो खसखसून घासायला बसणाऱ्या बाईला हा थर कोणत्याही नावावाचून चांगला ठाऊक असतो.

दातांवरच्या या थरातल्या जिवांचे पहिले लेखी वर्णन करणारा मनुष्य विद्यापीठातला पंडित नव्हता. हॉलंडातील डेल्फ्ट गावी कापडाचे दुकान चालवणारा, आणि पुढे तिथल्याच न्यायकचेरीच्या दालनाची देखरेख करण्याच्या चाकरीत शिरलेला आंतोनी व्हान लेव्हेनहूक याला लॅटिन येत नव्हते. परंतु भिंगे घासण्याचा त्याला विलक्षण नाद होता, आणि जे दिसेल ते साध्या डच भाषेत लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्राने कळवण्याचा त्याचा शिरस्ता १७२३ साली मरेपर्यंत सुटला नाही. मिऱ्यांच्या पाण्यात त्याला सूक्ष्म जीव १६७६ सालीच दिसले होते. १७ सप्टेंबर १६८३ च्या पत्रात तो स्वतःच्या दातांकडे वळला. आपण रोज सकाळी मिठाने दात घासतो, जेवणानंतर दाढा कोरतो आणि फडक्याने चोळून पुसतो, असा तपशील तो आधी नोंदवतो (मीठ आणि राखुंडी यांवर वाढलेल्या आपल्याकडच्या पिढ्यांना हा गृहस्थ परका वाटू नये), आणि इतके करूनही दाढांच्या मध्ये ओल्या पिठासारखा जो पांढरा लगदा उरतो तो पावसाच्या स्वच्छ पाण्यात कालवून भिंगापुढे धरला तेव्हा त्यात नाना आकारांचे चिमुकले जीव चपळाईने फिरताना दिसले, असे सांगतो. जन्मात कधी दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडातले कीटणही त्याने मिळवले होते. त्यातली गर्दी तर विचारायलाच नको.

पण त्या पत्रातली खरी मोलाची नोंद वेगळीच आहे. हे जीव व्हिनेगरमध्ये कालवले की तत्काळ मरतात हे पाहून त्याने व्हिनेगरने चूळ भरली आणि दातांवरचा लगदा पुन्हा काढून तपासला, तो त्यात जिवंत जीव होतेच. यावरून त्याने निष्कर्ष काढला की व्हिनेगरने थराच्या बाहेरच्या अंगावर असलेले जीव तेवढे मारले, ते थराच्या आरपार गेले नाही. सुमारे तीनशे वर्षांनी मोठमोठ्या रुग्णालयांतल्या मातब्बर वैद्यांना ज्या कोड्याने हैराण केले, त्याचे निम्मे उत्तर या कापडवाल्याने एका वाक्यात लिहून ठेवले होते. आणि ते दप्तरात पडून राहिले.

ते पडून का राहिले याला कारण आहे, आणि ते कारण काही हेटाळणी करण्याजोगे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत रॉबर्ट कॉख याने अमुक रोगाला अमुकच जिवाणू कारण आहे हे सिद्ध करण्याचा जो दंडक घालून दिला, त्याची एक अट अशी की तो जिवाणू रोग्याच्या शरीरातून काढून, इतर सर्वांपासून निराळा करून, शुद्ध स्वरूपात वाढवला पाहिजे. हे साधण्यासाठी कॉखने प्रथम उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या वापरल्या, मग जिलेटिन वापरले. ते उन्हाळ्यात वितळू लागले तेव्हा त्याच्या सहकाऱ्याची पत्नी फॅनी हेस हिने, मुरंबे आणि जेली घट्ट करण्यासाठी स्वयंपाकघरात वापरले जाणारे अगार हे समुद्रशेवाळाचे द्रव्य सुचवले. १८८७ साली पेट्री याने त्यासाठी झाकणाची उथळ काचेची थाळी काढली, आणि जगातली प्रत्येक प्रयोगशाळा आजतागायत त्या दोघांची ऋणी आहे. क्षयाचा जंतू १८८२ साली याच शिस्तीने हाती लागला. पटकीचा जंतू कॉखला १८८४ साली कलकत्त्यास सापडला तोही याच शिस्तीने. एवढे घवघवीत यश पदरात पडल्यावर, शुद्ध आणि एकाकी जिवाणू म्हणजेच खरा जिवाणू, अशी समजूत रूढ झाली तर त्यात नवल नाही.

या चंबूतल्या जिवाणूची वाढ कशी होते हे पाहण्यासारखे आहे. जिवाणू वाढतो म्हणजे दुप्पट लांब होतो आणि मधोमध दुभंगतो. आईबाप, मूल असा काही भेद उरत नाही. आपल्या आतड्यात वास्तव्य करणारा एश्चेरिकिया कोलाय हा जिवाणू उत्तम अन्न आणि शरीराएवढी ऊब मिळाली तर दर वीस मिनिटांनी दुभंगू शकतो. एकाचे दोन, दोनाचे चार या हिशेबाने सात तासांत एका जिवाणूचे वीस लाखांहून अधिक होतात. आणि हाच वेग अखंड चोवीस तास टिकला, तर एकेका जिवाणूचे वजन ग्रॅमचा एक लाख-कोटीवा भाग इतके क्षुल्लक धरूनही, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेस त्या वंशाचे एकूण वजन ४,७०० टनांच्या घरात जाईल. तसे होत नाही हे उघडच आहे. चंबूत टाकलेले जिवाणू आधी काही काळ नुसते जुळवून घेतात, मग भराभर वाढतात, मग अन्न संपत आले आणि स्वतःचीच घाण साचली की वाढ थांबते, आणि शेवटी मरू लागतात. या वाढीचे काटेकोर गणित फ्रान्समध्ये झाक मोनो याने आपल्या १९४२ सालच्या प्रबंधात मांडले. पुढे त्याला नोबेल पारितोषिक मिळाले ते मात्र जनुकांच्या नियंत्रणावरील कामाबद्दल. गणित बिनचूक होते, चंबूपुरते. ओढ्यात किंवा समुद्रात मांसरस वाहत नसतो. तिथे अन्न इतके विरळ असते की, वीस मिनिटांत दुभंगणे दूरच, तरंगत राहणाऱ्याची पोटभर खाण्याचीही भ्रांत.

मग तिथले जिवाणू करतात काय, याचा शोध घेणारी माणसे फार थोडी होती. अमेरिकेत मिनेसोटा येथे हेन्रिची याने साध्या काचपट्ट्या पाण्यात बुडवून ठेवल्या, काही दिवसांनी उचलून थेट सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, आणि गोड्या पाण्यातले बहुतेक जिवाणू मुळी तरंगतच नसतात, बुडलेल्या वस्तूंवर वाढतात, असे १९३३ साली लिहून टाकले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर झोबेल याला निराळ्या वाटेने हेच दिसले. समुद्राचे पाणी तपासणीसाठी बाटलीत भरून ठेवले की जिवाणूंची संख्या वाढे, आणि एकच पाणी लहान बाटलीत भरले तर मोठ्या बाटलीतल्यापेक्षा ती अधिक वाढे! पाणी तेच, अन्न तेच. फरक एवढाच की लहान बाटलीत पाण्याच्या मानाने काचेचे अंग जास्त. पाण्यात विरघळलेली विरळ द्रव्ये काचेच्या अंगाला येऊन बसतात, आणि जो जिवाणू तिथे जाऊन चिकटेल त्याला ती अन्यथा कधी मिळाली नसती इतकी मिळतात. झोबेलचा या विषयावरचा निबंध १९४३ सालचा. तरीही पस्तीस वर्षे फारशी हालचाल झाली नाही. ते दशक पेनिसिलिनचे होते, जिवाणूंचा प्रश्न आता कायमचा निकालात निघाला असे वाटण्याचे होते. कॅनडातला कॉस्टरटन हा शास्त्रज्ञ डोंगरी ओढ्यांतले दगड तपासता तपासता याच निर्णयाप्रत आला, आणि १९७८ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात दोन सहकाऱ्यांसह त्याने जिवाणू कसे चिकटतात हे सर्वसामान्य वाचकांपुढे मांडले. या विषयाची मोठी चळवळ त्यानंतरची.

चिकटण्याची ही क्रिया पायरीपायरीने पाहायची तर लेव्हेनहूकच्याच मार्गाने दाताकडे जाणे सोयीचे, कारण हा प्रयोग प्रत्येकाच्या तोंडात दररोज नव्याने होत असतो. दात घासून चूळ भरली की काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा एक अत्यंत पातळ पापुद्रा स्वच्छ दातावर बसतो. त्यात अजून जीव नाही. लाळेबरोबर वाहत आलेला जिवाणू या पापुद्र्याजवळ पोचतो तेव्हा प्रथम दोघांची ओढाताण होते: जिवाणूच्या अंगावर ऋण विद्युतभार, बहुतेक पृष्ठभागांवरही तोच, म्हणून ते एकमेकांस दूर लोटतात, परंतु अंतर फारच कमी झाले की दुसरी दुर्बल आकर्षणे प्रबळ होतात आणि जिवाणू टेकतो. हे टेकणे कच्चे असते, लाळेच्या एका लोटाने तो पुन्हा वाहून जाऊ शकतो. जो टिकतो तो आपल्या अंगावरच्या प्रथिनांनी त्या पापुद्र्यातल्या नेमक्या रेणूंना घट्ट धरतो, आणि मग त्याला हलवणे पाण्याच्या ताकदीबाहेरचे होते. पाण्यात पोहणाऱ्या अनेक जातींत याच सुमारास आतून एक इशारा फिरतो. सायक्लिक डाय-जीएमपी नावाचा एक लहानसा रेणू, जो जेरुसलेम येथील बेन्झिमन यांच्या प्रयोगशाळेत १९८७ साली उजेडात आला, तो पेशीत साठू लागला की पोहण्याची शेपटी थांबते आणि चिकट द्रव्य पाझरू लागते. फिरस्त्याचे बिऱ्हाड थाटले गेले, ते या रेणूच्या हुकमाने.

दातावर पहिल्याने मुक्काम टाकतात त्या स्ट्रेप्टोकॉकस वंशातल्या काही जाती. एखाद्या उजाड माळावर गाव वसते तेव्हा आधी येतात ते काटक, मिळेल त्यावर भागवणारे लोक, आणि त्यांनी जमीन हाताखाली आणल्यावर मग ज्यांना तयार वस्तीच लागते असे कसबी येतात, तसाच काहीसा क्रम येथे दिसतो. पहिल्या आलेल्यांच्या अंगावर दुसऱ्यांना धरायला जागा मिळते. फ्यूजोबॅक्टीरियम नावाचा लांबट, दोन्ही टोकांना निमुळता जिवाणू तर आधीच्यांनाही धरतो आणि नंतरच्यांनाही, त्यामुळे त्याच्यावाचून पुढची मंडळी थरात शिरू शकली नसती. बाहेरच्या बाजूचे जिवाणू प्राणवायू वापरून संपवतात, म्हणून आत अशांचीही सोय होते ज्यांना प्राणवायू म्हणजे विष. हिरड्यांच्या कडेखाली दडून हाडापर्यंत नासाडी करणारा पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस हा त्यांतला एक; उघड्या, स्वच्छ दातावर त्याला एक दिवसही काढता आला नसता.

साखरेला या कारभारात विशेष स्थान आहे. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटान्स हा जिवाणू आपल्या नेहमीच्या साखरेचा रेणू फोडतो आणि त्यातल्या एका भागाचे लांबलचक, चिकट, पाण्यात न विरघळणारे धागे विणतो. म्हणजे जी साखर त्याचे अन्न तीच त्याच्या घराचा मालमसालाही. उरलेल्या साखरेचे तो आम्ल करतो. थरामुळे लाळेला ते आम्ल धुऊन नेता येत नाही, आणि दाताच्या कडेला सामू ५.५ च्या खाली गेला की दाताचे कवच झिजू लागते. दोन जेवणांच्या मध्ये सारखे गोड चघळणाऱ्याचे दात एकदाच भरपेट श्रीखंड खाणाऱ्याच्या दातांपेक्षा लवकर किडतात ते यामुळे: आम्लाचा अंमल किती वेळ टिकला यावर नुकसान ठरते. पुढे लाळेतली कॅल्शियमची संयुगे या थरात बसून तो दगडासारखा होतो. मग मीठ, दातवण, कुंचला कशाचेच काही चालत नाही, दंतवैद्याच्या हत्यारालाच शरण जावे लागते.

दातावरून नजर काढून कोणताही जुना, मुरलेला थर घेतला तर त्यात जिवाणू थोडे आणि बांधकाम फार, असे आढळते. पाणी सोडून उरलेल्या कोरड्या वजनात जिवाणूंचा वाटा बहुतेक थरांत दहा टक्क्यांहून कमी भरतो. बाकीचे सारे त्यांनी पाझरवलेले द्रव्य, म्हणजे शर्करेच्या रेणूंच्या लांब साखळ्या, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, आणि मेलेल्या किंवा फुटलेल्या पेशींतून बाहेर आलेला डीएनए, जो एरवी आनुवंशिकतेचा दस्तऐवज असतो आणि येथे नुसत्या दोरखंडाच्या कामी येतो. १९९१ च्या सुमारास कॉनफोकल सूक्ष्मदर्शक वापरून थर न कापता, न वाळवता, जिवंतपणीच त्याचे आतले पापुद्रे एकेक करून पाहता येऊ लागले, आणि ज्याला सपाट मेणचटपणा समजले जात होते त्यात उंचवटे, पोकळ्या आणि पाणी खेळते ठेवणाऱ्या वाटा दिसल्या. पाण्याबरोबर अन्न आत जाते, घाण बाहेर येते. तरीही खोल आत अन्न कमीच पोचते, म्हणून आतले जिवाणू अर्धपोटी, संथ, जवळजवळ निद्रिस्त असतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी; पुढे औषधांच्या प्रकरणात तिचेच काम पडते.

इतक्या मोठ्या जमावाला आपण जमाव आहोत हे कळते कसे? याचे उत्तर रोगराईशी काडीचाही संबंध नसलेल्या एका प्राण्याकडून आले. हवाई बेटांच्या उथळ किनाऱ्यावर अंगठ्याएवढा एक माकूळ राहतो. तो रात्री शिकारीस निघतो, आणि वरून पडणाऱ्या चांदण्यात आपली काळी आकृती खालच्या भक्षकांना दिसू नये म्हणून पोटाकडून मंद उजेड टाकतो. हा उजेड त्याचा स्वतःचा नव्हे; शरीरातल्या एका पिशवीत पाळलेल्या व्हिब्रिओ फिशेराय या जिवाणूंचा. अंड्यातून निघालेल्या पिलाच्या पिशवीत एकही जिवाणू नसतो. समुद्रातून तो काही तासांत शिरतो, आणि माकूळ दररोज पहाटे त्यांतले सुमारे पंचाण्णव टक्के बाहेर टाकून देतो, उरलेले दिवसभरात पुन्हा पिशवी भरतात. आता समुद्रात विरळ विखुरलेला हाच जिवाणू प्रकाशत नाही. नीलसन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज या तिघांनी १९७० साली दाखवले की चंबूतही तो प्रथम अंधारातच वाढतो आणि दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की एकदम उजळतो. प्रत्येक जिवाणू एक ठरावीक रेणू सतत बाहेर सोडत असतो. एकटा असला तर तो रेणू पाण्यात हरवतो, गर्दी असली तर साठतो, आणि साठा पुरेसा झाला की प्रकाशाची जनुके जागी होतात. एखाद्या संस्थेची सभा गणपूर्ती झाल्याखेरीज कामकाज सुरू करत नाही तसा हा नियम असल्याने त्याला तेच नाव पडले. पुढे असे दिसून आले की विष सोडणे, थर बांधणे, थर मोडणे अशी कित्येक खर्चिक कामे जिवाणू याच हिशेबाने करतात. एकट्याने विष सोडले तर ते शरीराच्या पहारेकऱ्यांना सुगावा देण्यापुरतेच उपयोगी.

आता लेव्हेनहूकच्या व्हिनेगरकडे येऊ. माणसाच्या शरीरात कृत्रिम वस्तू बसवण्याची विद्या विसाव्या शतकात वाढली: मूत्रनलिका, शिरेत ठेवायच्या नळ्या, कृत्रिम सांधे, हृदयाच्या झडपा, हृदयाला ठोका देणारी यंत्रे. त्याबरोबर एक चमत्कारिक व्याधी दिसू लागली. रोग्याला ताप येई, प्रतिजैविक दिले की उतरे, औषध थांबवले की आठवडा-पंधरवड्यात पुन्हा तोच ताप, पुन्हा तोच जंतू. आणि तो जंतू प्रयोगशाळेत वाढवून त्यावर तेच औषध घातले तर तिथे बिनतक्रार मरे. १९८२ साली कॉस्टरटन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशाच एका रोग्याच्या हृदययंत्राची तार काढून घेतल्यावर ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तारेवर स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा जाड थर होता. औषधाने मरत होते ते थरातून सुटून रक्तात आलेले जिवाणू. थर जागच्या जागी होता आणि पुन्हा नवे सोडत होता.

थरातला जिवाणू मोकळ्या जिवाणूपेक्षा कधीकधी हजारपट औषध सोसतो. याचे कारण नुसते औषध आत शिरत नाही एवढेच असते तर लेव्हेनहूकचे वाक्य पूर्ण ठरले असते. पण कित्येक औषधे थराच्या तळापर्यंत पोचतात असे मोजून पाहिले गेले आहे, आणि तरी तळचे जिवाणू मरत नाहीत. पेनिसिलिनसारखे औषध वाढत्या जिवाणूच्या भिंतीचे बांधकाम बिघडवते. जो वाढतच नाही, अर्धपोटी पडून आहे, त्याचे बिघडवणार काय? डब्लिनमधील बिगर याने १९४४ साली, पेनिसिलिनच्या ऐन भराच्या काळात, हे नोंदले होते की दाट संख्येतले मूठभर जिवाणू औषधातून तगतात, त्यांची प्रजा पुन्हा औषधाला बळी पडते, आणि तिच्यातलेही मूठभर पुन्हा तगतात; म्हणजे हे काही औषधाला कायमचे न जुमानणारे बंडखोर नव्हेत, तात्पुरते निपचित पडून राहणारे शहाणे होत. थरात अशांची संख्या पुष्कळ. त्यात भर म्हणजे इतके जवळ राहिल्याने औषधाला दाद न देण्याची जनुके एकाकडून दुसऱ्याकडे सहज जातात, तेव्हा खऱ्या बंडखोरांचीही शाळा येथेच भरते. म्हणून आजही पुष्कळदा वैद्याचा शेवटचा इलाज नळी बदलणे, सांधा उघडून साफ करणे, किडलेला भाग खरवडणे हाच असतो. रांजण घासणाऱ्या बाईला याहून निराळे कोणी काही सांगितले नव्हते.

पटकीच्या जंतूची हकीकत या सगळ्याला थोडी छेद देणारी आहे. खाडीच्या निमखाऱ्या पाण्यात तो राहतो तेव्हा कोपेपॉड नावाच्या, उघड्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढ्या दिसणाऱ्या कवचधारी प्राण्यांच्या अंगावर हजारोंच्या संख्येने चिकटलेला असतो. त्यांचे कवच तो खातोही. पाण्यात त्याचा थर बनतो तो संख्या कमी असताना, आणि गर्दी वाढली की तो थर बांधण्याचे काम बंद करून सुटून जातो, म्हणजे इतर अनेक जिवाणूंच्या नेमके उलट. आतड्यात बेसुमार वाढल्यावर तिथून बाहेर पडून पुन्हा पाणी गाठणे हेच ज्याच्या हिताचे, त्याने असे करणे सयुक्तिकच म्हटले पाहिजे. पण कोपेपॉडवर स्वार होण्याच्या या सवयीचा फायदा रिटा कोलवेल या अमेरिकन विदुषीने आणि तिच्या बांगलादेशी सहकाऱ्यांनी मोठ्या युक्तीने घेतला. एकटा जंतू कोणत्याही कापडातून सहज जाईल. कोपेपॉड जाणार नाही. बांगलादेशातल्या मतलब नावाच्या भागातल्या खेड्यांत बायकांनी जुन्या साडीची चौपदरी किंवा अधिक घडी घागरीच्या तोंडावर धरून पाणी गाळले. साडी जुनी हवी, कारण वापराने सुती धाग्यांची लव सुटून छिद्रे बारीक होतात. आणि गाळल्यावर तीच घडी स्वच्छ पाण्यात खळबळून उन्हात वाळवायची. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पटकीचे प्रमाण ४८ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. आपल्याकडे वस्त्रगाळ पाण्याची चाल पूर्वापार होती. ती शुद्धतेच्या कल्पनेतून आली की किडामुंगी पोटात जाऊ नये एवढ्याच विचाराने, हा वाद कोणी घालावा तर घालावा. घागरीच्या तोंडावरच्या फडक्याने किती जीव वाचवले असतील हे त्याने बदलत नाही.

जैवपटल म्हटले की रोगच डोळ्यांपुढे येतो, आणि आतापर्यंतच्या मजकुराने तसे झाले असेल तर ते एकांगी होईल. माणसाने या थराला कामाला लावले त्याला जवळजवळ दोनशे वर्षे झाली, आणि गंमत म्हणजे तेव्हा थराचीच काय, जिवाणूंचीही धड माहिती नव्हती. लंडनमध्ये जेम्स सिम्प्सन या अभियंत्याने १८२९ साली चेल्सीच्या पाणीपुरवठ्यासाठी वाळूचे मोठे हौद बांधले. सुमारे हातभर-दोन हात जाडीच्या वाळूच्या थरातून थेम्सचे पाणी अगदी सावकाश, तासाला फार तर फूटभर, खाली झिरपू द्यायचे. पाणी नितळ येई. नितळ येते म्हणजे गाळ अडतो, एवढाच त्याचा हिशेब. पण वाळूच्या कणांतल्या फटी जिवाणूच्या मानाने अवाढव्य. नुसत्या चाळणीने तो अडला नसता. काही दिवसांनी वाळूच्या माथ्यावर आणि कणाकणाभोवती जिवाणू, शैवाल आणि त्यांवर जगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांचा एक चिकट थर बसतो, आणि वरून आलेल्या परक्या जिवाणूंना धरून ठेवणे, उपाशी मारणे, खाऊन टाकणे ही कामे तो थर करतो.

याची कसोटी १८९२ साली हॅम्बुर्गमध्ये लागली, आणि इतकी निर्दयपणे लागली की कोणत्याही प्रयोगकर्त्याने ती मुद्दाम घेतली नसती. हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही एल्ब नदीकाठची दोन शहरे एकमेकांना इतकी लागून की काही ठिकाणी एकाच रस्त्याची एक बाजू हॅम्बुर्गची आणि दुसरी आल्टोनाची. हॅम्बुर्ग शहराच्या वरच्या अंगाने पाणी घेई आणि न गाळता नळाला सोडी; वाळूचे हौद बांधायला घेतले होते, पण पुरे झाले नव्हते. आल्टोना खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गची सगळी घाण नदीत मिळाल्यानंतरचे पाणी घेई. पण ते वाळूतून झिरपवून. ऑगस्टमध्ये पटकी आली. हॅम्बुर्गमध्ये सुमारे १७,००० लोक आजारी पडले आणि ८,६०० च्या वर माणसे मेली. आल्टोनात रोग नाममात्र राहिला, आणि सरहद्दीच्या रस्त्यावर तर तो एका बाजूला होता आणि दुसऱ्या बाजूला नव्हता. पाण्याचा संबंध नाकारणाऱ्या पंडितांची बाजू यापुढे फार दुबळी पडली. ज्या कॉखने एकाकी जिवाणूचे शास्त्र उभारले त्यानेच पुढे येऊन हे प्रकरण तपासले, वाळूच्या माथ्यावरचा तो थर हाच गाळणीचा खरा कर्ता आहे असे सांगितले, आणि गाळलेल्या पाण्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये शंभराहून अधिक जिवाणू निघता कामा नयेत असा जाबता घालून दिला.

असे हौद जगात अनेक ठिकाणी आजही चालतात. थर जाड होत जातो तसतसे पाणी झिरपणे मंदावते. अगदीच मंदावले की हौद रिकामा करून माथ्याची दोन-तीन बोटे वाळू फावड्याने खरवडून काढतात आणि पुन्हा पाणी सोडतात. ते पाणी दिसायला पहिल्या दिवसापासून नितळ असते. तरीही नवा थर बसून जिवाणूंची मोजणी हिशेबात येईपर्यंत, हवामानाप्रमाणे काही दिवस, कधी काही आठवडे, कामगार ते गावाच्या नळाला न जोडता गटाराकडे वळवून देतात.